गवंड्याने फोनवर सांगितलेली ओळ

मी एक जुना, भिंतीवरचा टेलिफोन आहे. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "याचा कान तिखट आहे हं!" माझी पहिली नोकरी एका प्रसूतिगृहात, जिन्याखाली. आनंदाच्या भरात लोक माझा रिसीव्हर उलटाच ठेवून पळत. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि मी धूळ खात पडलो. माझ्यावर ओल्या छत्र्या टांगू लागले.

मग मला उंच भिंतींच्या एका इमारतीत आणले. पोटासाठी परदेशातून आलेल्या, पण परवाना नसलेल्या माणसांना तिथे ठेवत आणि झटपट मायदेशी धाडत. त्यांचे मोबाइल दारातच काढून घेत. त्यामुळे मित्रांनो, माझी पुन्हा चलती झाली. पण आता कानावर बहुतेक रडणेच येई.

एका दुपारी एका गवंड्याला कामावरूनच उचलून आणले. दंडावर सिमेंट तसेच होते. कारकुनाने नोटीस पुढे सरकवली. "इथे सही कर. उद्या विमान." गवंडी तिथली भाषा मोडकीतोडकी बोले, वाचता मात्र अक्षरही येत नव्हते. "आधी घरी फोन करतो," तो म्हणाला.

त्याची बायको कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला होती आणि संध्याकाळच्या वर्गात तिथली लिपी शिकत होती.

"अहो, आहात कुठे?"

"अगं, मला परत पाठवताहेत. कागद दिलाय, पण काय लिहिलंय कळत नाही."

"सही केलीत?"

"अजून नाही."

"करू नका! अक्षरं कशी दिसतात ते सांगा. मी उतरवून घेते."

"मागे रांग लागलीय गं."

"लागू दे. सांगा तुम्ही."

तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. गवंडी सांगू लागला, "शिडी आहे, पण पायरी एकच. मग पालथं घमेलं. मग ओळंब्याच्या दोरीसारखी सरळ उभी रेघ..." रांगेत मागे त्याच्यासारखाच पकडून आणलेला एक स्वयंपाकी होता. तो आधी कुरकुरला, मग त्यानेच कागद उजेडात धरला.

पलीकडे ती एकेक अक्षर जुळवत पुटपुटली. मग म्हणाली, "अहो, मान्य नसेल तर न्यायाधीशांपुढे बाजू मांडता येते. दुभाषीही देतात. पण सहीच्या आधी मागायचं!"

गवंड्याने तसे मागितले. कारकुनाने ती ओळ स्वतः वाचली, "आहे खरं," असे पुटपुटला आणि उद्याच्या विमानाच्या यादीतून त्याचे नाव काढले. पाठोपाठ स्वयंपाक्यानेही तेच मागितले.

काही आठवड्यांनी मी वाजलो. स्वयंपाक्याने उचलले. "मी गवंडी. न्यायाधीशबाईंनी सगळं ऐकलं. तूर्त राहू देताहेत."

"सुटलास की!"

"कसला सुटतोय, तारखा आहेतच. पण घरी जेवतोय. तुझं काय?"

"माझी सुनावणी उद्या आहे."

स्वयंपाक्याला मात्र जावे लागले. जाण्याआधी त्याने घरी फोन केला. "न्यायाधीशबाई नाही म्हणाल्या गं. पण माझं पूर्ण ऐकलं आणि का ते समजावून सांगितलं." त्या दिवशी माझ्या कानावर रडणे आले नाही.

मित्रांनो, माझी वायर आता सैल झाली आहे. जुना फोन दिसला तर ती ओढू नका, जरा पुसून ठेवा. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी त्या कारकुनाच्या खुर्चीवर बसलात, तर समोरच्याला कळेल अशा भाषेत कागद वाचून दाखवा, त्याला काय म्हणायचे आहे ते विचारा, आणि मगच पेन पुढे करा.