पुठ्ठ्याचं घर, तीन छपरं

मी एक पुठ्ठ्याचा नमुना बोलतोय. ज्या घराचा मी नमुना आहे, ते अजून पुरतं उभं राहिलेलं नाही.

बातमी आली तो शनिवार होता. भाड्याच्या दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल, शिलाई मशीनच्या झाकणावर मी. घरची मुलगी ओल्या केसांनी कॉलेजचा ड्रेस इस्त्री करत होती. फोन वाजला.

"हो, त्यांची मुलगीच बोलतेय... पडली म्हणजे? अहो, आत्ताच तर गेली ती!"

पलीकडचं बोलणं संपलं, तरी ती फोन कानाला लावून उभीच राहिली. कापड करपल्याचा वास सुटला तेव्हा शेजारच्या काकू धावत आल्या आणि त्यांनी इस्त्री उचलली. शिवलेले कपडे पोहोचवायला गेलेली आई गिऱ्हाइकाच्या दारातच कोसळली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

माझा जन्म पाच महिन्यांपूर्वीचा. मुलीचे बाबा पुस्तकबांधणी करतात. एका रविवारी त्यांनी जाड पुठ्ठा आणला, अर्ध्या इंचाला एक फूट असं माप धरलं आणि मैद्याची खळ लावून माझ्या भिंती उभ्या केल्या. छप्पर मात्र ठरेना, म्हणून त्यांनी तीन केली. बाबांचं सपाट, गच्चीचं. "पुढेमागे पोरीला वर मजला चढवता येईल." आईचं उतरतं, कौलाचं. "माहेरी गळक्या गच्चीखाली बादल्या ठेवण्यात माझं बालपण गेलं. पुन्हा नाही." आणि मुलीचं पत्र्याचं. "काहीही घाला, पण लवकर घाला! तुमचं ठरेपर्यंत मला नातवंडं होतील."

भांडण नको म्हणून नियम ठरला. ज्याला जे छप्पर हवं, त्याने ते माझ्यावर ठेवावं. झालं! सकाळी बाबा गच्ची ठेवून कामाला जात. दुपारी मशीनवर बसण्याआधी आई ती उचलून कौलं ठेवी. कॉलेजातून आल्यावर मुलगी पत्रा ठेवी.

"मी जाताना गच्ची होती, हा डोंगर कुठून उगवला?" दुपारी जेवायला आलेले बाबा विचारत.

"असेल कुठूनतरी," आई दोरा ओवत म्हणे. "गच्चीवर पाणी साचतं आणि काही जणांच्या डोक्यात हट्ट."

माणसं अशीही भांडू शकतात, हे मला कौतुकाचं वाटे. एकाही छपराचा कोपरा कधी कुणी दुमडला नाही.

बातमी आली त्या आठवड्यात घर बांधणारे मिस्त्री येऊन गेले होते. "भाऊ, भिंती वरपर्यंत आल्या. उतरतं करायचं तर दोन्ही टोकांना त्रिकोण चढवावे लागतील. सपाट असेल तर इथेच थांबतो. सोमवारपर्यंत सांगा."

शनिवारी सकाळी बाबांनी नेहमीसारखी गच्ची ठेवली आणि ते गेले. मुलगी न्हाणीघरात होती. माझी स्वयंपाकघराची भिंत सुटली होती. आईने गच्ची काढून बाजूच्या दोन छपरांवर ठेवली, भिंतीला खळ लावली आणि दोन बोटांनी हळूच दाबून धरली.

"अगं ए, याच्यावर छप्पर ठेवू नकोस हं. ओलं आहे. आल्यावर मी ठेवते."

"काय?" नळाच्या आवाजातून मुलगी ओरडली.

"काही नाही. येते गं!"

एवढंच. रागाचा एक शब्द नव्हता. हे ऐकलं ते फक्त मी.

नवव्या दिवशी बाबांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी उघडा. तिन्ही छपरं बाजूला, एकावर एक रचून ठेवलेली. त्यांनी वरची गच्ची उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

"तिने सगळीच काढून ठेवली. इतकी कंटाळली होती का गं ती? माझ्या हट्टाला?"

"बाबा, तसं नसेल."

"मग कसं असेल?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण पुठ्ठ्याला तोंड नसतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, खळ ओली होती! नुसती खळ!

"आईचं कौलाचंच घालू या ना," मुलगी म्हणाली.

"तेही तिनेच काढलं ना?"



भिंत केव्हाच वाळली. तिच्यावर आईच्या दोन बोटांचे ठसे आहेत. कुणी वाकून पाहिलं तर दिसतील. आल्यावर ती कोणतं छप्पर ठेवणार होती, हे मलाही माहीत नाही. ते तिने सांगितलं नाही. माझं मागणं एवढंच, की कुणीतरी कोणतंही एक उचलावं आणि ठेवावं. चुकलं तर बदलता येईल. तसा नियमच होता.

मिस्त्री दोनदा येऊन दारातूनच परत गेले. "सांगतो," बाबा म्हणाले. याला तीन आठवडे झाले. अजून त्यांनी काहीच सांगितलेलं नाही.