देवीशेजारचा लाल स्विच

मी एक स्विच बोलतोय. सुरतेत पर्वत पाटियाच्या मागच्या गल्लीत मूळ खानदेशी छगन सुताराचं एका शटरचं दुकान आहे. तिथल्या भिंतीवर, सप्तशृंगीच्या तसबिरीला लागून मी बसलोय. रोज सकाळी मला उदबत्ती ओवाळली जाते. लोकांना वाटतं, केवढा मान मिळाला याला! मला हा मान नको होता.

आधी माझं काम सांगतो. माझ्यावर दोन बटणं आहेत. हिरवं दाबलं की यंत्र सुरू. लाल बटणावर तळहाताएवढी झडप आहे. तिला कशाचाही धक्का लागला की यंत्र बंद. झडप एवढी मोठी अशासाठी, की माणसाचे दोन्ही हात लाकडात गुंतलेले असले तरी त्याला मला गुडघ्याने दाबता यावं. शिवाय वीज गेली की मी आपोआप बंद होतो. वीज परत आली तरी कुणी हिरवं बटण दाबेपर्यंत यंत्राला जागं होऊ देत नाही.

मला इथे आणलं धनश्रीने. ती छगनची मुलगी, तेव्हा इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. छगन देवघरं बनवतो. त्यांच्या नक्षीदार कडा कोरायला त्याने घरच्या घरी एक टेबल जमवलंय. जुन्या दाराची फळी, तिच्याखाली उलटा बसवलेला राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं हातयंत्र, आणि फळीच्या भोकातून वर आलेलं, गरगर फिरणारं पातं. लाकूड दोन्ही हातांनी दाबून त्या पात्याला घासत सरकवायचं. यंत्र बंद करायचं तर वाकून, टेबलाखाली हात घालून राउटरचं बटण चाचपायचं.

धनश्रीने एकदा ते वाकणं पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं.

"आबा, तोंड पात्याजवळ नेऊन बटण शोधता तुम्ही?"

"वीस वरीस व्हयनात करी ऱ्हायनू. माले काय व्हयनं?"

"मग काही होईपर्यंत थांबायचं का?"

त्याच रविवारी तिने मला बसवलं. छगनला टेबलापुढे उभं केलं, त्याच्या गुडघ्याची उंची टेबलाच्या पायावर पेन्सिलीने टिपली आणि बरोबर तिथे चार स्क्रूंनी मला आवळलं. छगन कुरकुरला. "देवघरं घडवणारं यंत्र, आन येले मी पाय मारू?" पण लेकीचा शब्द त्याने मोडला नाही. तो गुडघ्याने मला दाबायचा आणि लगेच टेबलाला हात लावून तो हात कपाळाला न्यायचा. दिवसातून पन्नास वेळा दाबलं तर पन्नास वेळा नमस्कार. मला हसू यायचं, पण माझं काम चोख चाललं होतं.

मग ती दुपार आली. यंत्र चालू असताना वीज गेली. तेवढ्यात पातं बदलून घ्यावं म्हणून छगनने प्लग न काढताच हात आत घातला, आणि वीज आली. पंखा फिरू लागला, रेडिओ बोलू लागला. राउटर मात्र गप्प राहिला, कारण मी त्याला धरून ठेवलं होतं. छगनने हळूच हात बाहेर काढला. पाचही बोटं मोजल्यासारखी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

तिथेच माझा घात झाला.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्याने मला सोडवलं, वायर वाढवली आणि वर देवीच्या शेजारी नेऊन ठोकलं. झडपेला कुंकवाचा टिळा लावला. शेजारचा गुजराती साडी-पॅकिंगवाला तो टिळा पाहून हसला, "छगनभाई, स्विचने पण चांदलो?"

"एणे मारो हाथ बचाव्यो छे," छगन म्हणाला. तो हसला नाही.

संध्याकाळी धनश्री आली आणि तिने आकाशपाताळ एक केलं. "आबा, हा देव नाही, स्विच आहे! इथे गुडघा कसा पोचणार?"

"पोरी, जो हात वाचाडस, त्याले लाथ मारस का कोनी?"

"राहू दे व माय," तिची आई सुभद्राबाई म्हणाली. "तेस्ना मनमा बठनं ते बठनं."

धनश्रीने मला ओढून काढलं, परत खाली बसवलं. सकाळी छगनने पुन्हा वर नेलं. तिने आणखी एकदा खाली आणलं, त्याने आणखी एकदा वर. मग तिला पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये नोकरी लागली. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसात भांडायचं त्राण कितीसं उरणार? आपल्याकडे चांगल्या गोष्टी अशाच मरतात. त्यांना कुणी विरोध करत नाही. त्यांची पूजा होते.

दिवाळीच्या आधी कामाचा रेटा होता. छगन सागवानाची लांब पट्टी सरकवत होता. पात्याची पकड ढिली झाली, पातं सरकत वर आलं आणि लाकडात रुतलं. पट्टी थरथरू लागली. दोन्ही हातांनी दाबली म्हणूनच ती जागेवर होती. तेव्हा मी वरून पाहिलं, त्याचा गुडघा आपसूक उचलला गेला आणि टेबलाच्या पायावरच्या चार रिकाम्या भोकांवर आदळला. शरीराने शिकलेलं शरीर विसरलं नव्हतं. पण मी तिथे नव्हतो.

मग त्याने डावा हात पट्टीवरून काढून माझ्याकडे झेप घेतली. हात पोचला. मी त्या क्षणी वीज तोडली. पण एका हाताला पट्टी आवरली नाही. ती उसळली, आणि उजवा हात पात्यावर गेला. वीज तोडली तरी पातं दोन-चार श्वास फिरतच राहतं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यातून परतल्यावर छगनने पट्टी बांधलेल्या हाताने मला झेंडूचा हार घातला. "दोनच गयात," तो म्हणाला, "हात ऱ्हायना."

धनश्री स्क्रूड्रायव्हर घेऊन आली होती. तिने तो हार पाहिला. त्याने हात जोडले, "आते ते बिलकूल नको, बेटा." स्क्रूड्रायव्हर फळीवर ठेवून ती निघून गेली. तिचं भांडण मी किती वेळा ऐकलं होतं. तिचं गप्प होणं पहिल्यांदाच ऐकलं.

छगनला आता लाकूड धरता येत नाही. देवघरांची कामं मात्र येतात. म्हणून टेबलापाशी सुभद्राबाई उभी राहते. ती त्याच्यापेक्षा वीतभर बुटकी. मला चालू करायला ती स्टुलावर चढते, मग उतरून स्टूल पायाने बाजूला सारते. बंद करायला पुन्हा स्टूल.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणी छगनला सांगेल का? मी रोज सांगतो. पण माझ्यापुढे तो डोळे मिटून उभा असतो.

आत्ताही ती कड कोरतेय. पदर खोचलाय, दोन्ही हात लाकडावर आहेत. मध्येच मान वर करून ती माझ्याकडे बघते. तिने हात कितीही ताणला तरी तिची बोटं आणि मी, यांच्यात वीतभर भिंत उरते.