स्ट्राटोसच्या होडीवरचं जेवण

थेओपिस्ती आमच्या हँडबॉल संघातली सगळ्यात जोरकस मुलगी. वय पंधरा. पण त्या हिवाळ्यात ती अर्ध्या खेळातच बाकावर येऊन बसायला लागली. पायऱ्या चढली तरी धाप लागायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर लोह फारच कमी. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "नीट जेव. आणि जेवणाबरोबर कॉफी बंद, तिनं लोह अंगी लागत नाही."

दुपारी ती जेवायची काय, तर गार कॉफी आणि तीळ लावलेलं पावाचं कडं. संघातल्या सगळ्याच पोरींचं तेच. मी त्यांची खेळाची शिक्षिका. लोह कशात असतं याचा तक्ता मी भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी पाहते तर त्यातल्या कलेजीच्या चित्राला कुणीतरी मिशा काढलेल्या!

थेओपिस्तीचा बाप स्ट्राटोस खाडीत दोरांवर शिंपल्या वाढवतो. तो शाळेत येऊन माझ्यावरच उखडला. "एवंथिया बाई, शिंपल्यांत लोह ठासून भरलेलं असतं म्हणतात. मी टनानं काढतो आणि माझी पोर फिकट पडते! हात लावत नाही. म्हणते, बाबा, तुमच्या अंगाला वास येतो."

"मग शनिवारी सगळ्यांनाच होडीवर न्या," मी म्हटलं. "खायचा आग्रह मात्र करायचा नाही."

शनिवारी नऊ मुली होडीवर चढल्या. थेओपिस्ती टोपी नाकापर्यंत ओढून एका कोपऱ्यात बसली होती. बापाची लाज वाटत होती, दुसरं काय! स्ट्राटोसनं दोर ओढायला लावले. शेवाळानं माखलेले, माणसाएवढे जड घोस वर येऊ लागले. पोरी घसरत होत्या, किंचाळत होत्या, हसून हसून लोळत होत्या. दोन तासांत सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले.

"काका, खायला काय आहे?" क्रिसान्थीनं विचारलं. ही संघातली सगळ्यात तोंडाळ.

"माझ्यापुरता भात आहे. शिंपल्यांचा. तुम्हाला नाही आवडायचा."

"कोण म्हणतं?"

स्ट्राटोसनं पातेल्यावरचं झाकण काढलं. कांदा, शेपू आणि शिंपल्या घातलेला वाफाळता भात. त्यावर त्यानं चार लिंबं पिळली. एकट्या माणसापुरता म्हणे, पण पातेलं लग्नघरातलं होतं! क्रिसान्थीनं घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "थेओ, तू वेडी आहेस का गं? हे रोज घरी मिळतं आणि तू कडं चघळतेस?"

सगळ्या हसल्या. थेओपिस्तीही हसली. मग चमचा घेऊन बापाच्या शेजारी जाऊन बसली. स्ट्राटोस नुसता समुद्राकडे बघत राहिला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

त्यानंतर दर शनिवारी एकेकीच्या घरी जेवण ठरलं. कुणाकडे व्हिनेगर घातलेली मसुराची आमटी, कुणाकडे पालकाचा भात. क्रिसान्थीनं तर कलेजी परतली, करपवली आणि सगळ्यांना दमात घेऊन खायला लावलं.

मे महिन्यात थेओपिस्तीचा अहवाल चांगला आला. गोळ्याही तिनं न चुकता घेतल्या होत्या. शेवटचा सामना आम्ही एका गोलनं हरलो, पण ती पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत मैदानात होती. सात गोल तिचे एकटीचे.

परतताना बसमध्ये पोरी इतक्या मोठ्यानं गात होत्या, की ड्रायव्हर म्हणाला, "बाई, या हरल्यात ना नक्की?"