जिन्याच्या पायथ्याशी

खोली गच्चीवर होती. दहा बाय दहा, पत्र्याचं दार, एक लोखंडी खाट आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या तेलाच्या दुकानाची पाटी. खोली दाखवून झाल्यावर लाडकंवरबाईंनी अटी सांगितल्या. मांस, मच्छी, अंडं घरात येता कामा नये. चातुर्मास संपेपर्यंत कांदा, लसूण, बटाटाही नको. रात्री आठला फाटक बंद. आणि चपला वर न्यायच्या नाहीत, जिन्याच्या पायथ्याशी पाण्याच्या मोटरीशेजारी काढायच्या.

लिडियाने प्रत्येक अटीला मान हलवली. त्या दिवसातली ही चौथी खोली. आधीच्या दोन ठिकाणी आडनाव ऐकल्यावर आणि एका ठिकाणी नुसतं नाव ऐकल्यावरच "आत्ताच दिली हो" असं उत्तर मिळालं होतं. वसतिगृहाची यादी लागायला दोन महिने होते आणि एम.एस्सी.चे तास सोमवारी सुरू होणार होते. लाडकंवरबाईंनी फक्त "कुठली?" एवढंच विचारलं. लिडियाने "नवापूरकडची" म्हणून सांगितलं आणि मागून कटकट नको म्हणून "गावित" हेही आपणहून सांगून टाकलं.

"आमचे किशनलालजी म्हणतात, पोरगी शिकणारी पाहिजे, बाकी देव बघतो," लाडकंवरबाई म्हणाल्या. किशनलालजी म्हणजे त्यांचे यजमान. बाजारात त्यांचं किराण्याचं ठोक दुकान होतं. "पण नियम म्हणजे नियम, बेटा."

लिडियाचं गाव गुजरातच्या हद्दीला लागून, चाळीस घरांचं. घरी मावची, शाळेत मराठी. नंदुरबारात तिसरीच बोली कानावर पडायची. प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर कोरीटची हेमांगी होती, रोज एसटीने येऊन-जाऊन करणारी. तिने पहिल्याच आठवड्यात निकाल दिला, "तू बोलस ना, तव पुस्तक बोली ऱ्हायनं असं वाटस."

"मग तू शिकव."

"फी पडी. डबा मा काय शे?"

डब्यात भात आणि बिनकांद्याची डाळ असायची. हेमांगी ती चाखून बघायची आणि आपल्या डब्यातला ठेचा न विचारता तिच्या झाकणात वाढायची. तो खाऊन लिडिया नळावर तीन वेळा तोंड धुवायची. लसणाच्या वासाची भीती होती. लाडकंवरबाईंचं नाक तिखट होतं. एकदा प्रयोगशाळेत हायड्रोजन सल्फाइडचं काम झालं, तो सडका वास ओढणीत बसला आणि लाडकंवरबाईंनी तिला फाटकातच थांबवलं.

"अंडं खाल्लं?"

"नाही काकी. प्रॅक्टिकल होतं."

"अंड्याचं?"

"वायूचं. तो वासच तसा असतो."

लाडकंवरबाईंना ते पटलं नाही, पण त्या बाजूला झाल्या. लिडियाने ओढणी दोन वेळा धुतली. तेव्हापासून फाटकातून आत येताना ती श्वास रोखून येऊ लागली, जणू वास आपल्या श्वासातूनच येतो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला गुरुवार. प्रयोगशाळेत पाणी नव्हतं म्हणून प्रात्यक्षिक रद्द झालं आणि लिडिया बाराच्या सुमारास खोलीवर परतली. चपला जिन्याखाली काढून वर गेली. दोन दिवसांनी ऊन पडलं होतं, म्हणून तिने चादर धुऊन गच्चीच्या तारेवर टाकली. ती चादरीची टोकं ओढत असताना खालून आवाज आला.

"लिडिया पौलस गावित इथं राहते का?"

तिचे आबा. तहसील कार्यालयात बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून मराठी बोलत होते.

"राहते. कॉलेजात गेली," लाडकंवरबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "काय आहे गाठोड्यात?"

"खायचं आहे. तिच्यासाठी."

"वास येतोय. मच्छी आहे का?"

"घरचं आहे, बाई."

"मग घरचं घरी न्या. आमच्याकडे पर्व जवळ आलंय."

लिडिया चादरीमागे उभी होती. कठड्यापर्यंत चार पावलं आणि खाली अठरा पायऱ्या. ती हलली नाही. खाली गेले तर खोली जाईल, हे कारण तिने स्वतःला लगेच दिलं आणि ते खोटं नव्हतं. दुसरं कारण हाती लागायला तिला तीन दिवस लागले. ऊन पडलं तरी आबांनी डोक्यावरची खताच्या पिशवीची पावसाळी खोळ काढली नव्हती आणि समोरच्या तेलाच्या दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघत होती.

"बरं," आबा म्हणाले.

पाणी त्यांनी मागितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. चादरीच्या कडेने लिडियाला ती पांढरी खोळ गल्लीच्या वळणापर्यंत जाताना दिसली. गाठोड्यात काय होतं ते तिला वरपर्यंत आलेल्या वासावरून कळलं होतं. आंबवलेले बांबूचे कोंब. पावसाळ्यात आबा डोंगरातून आणतात, आई किसून मडक्यात मुरवते आणि महिनाभर पुरवते. माशाचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता.

रविवारी फोन झाला. नेटवर्कसाठी आबा चर्चमागच्या टेकाडावर चढायचे.

"गुरुवारी आलो होतो. तू कॉलेजात होतीस. भेट झाली नाही."

"हो का," लिडिया म्हणाली. "सांगून यायचं ना, आबा."

"कामानं आलो होतो, म्हटलं डोकावू. बरी आहेस ना?"

"बरी आहे."

असं खोटं ती याआधी बोललीच नव्हती असं नाही. पण या खोट्याला तारीख होती. गावच्या चर्चमध्ये महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रभुभोजन होई आणि भाकर मोडण्याआधी इमॅन्युएल पाळक विचारत, "कुणाचं कुणाशी काही राहिलं आहे का?" मग लोक उठत. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. मधली वाट ओलांडून जो तो ज्याच्याशी काही राहिलं असेल त्याच्यापुढे जाऊन उभा राहायचा आणि गोष्ट नाव घेऊन सांगायचा. तुझ्या बांधावरचं गवत मी कापलं. तुझ्या सुनेबद्दल मी विहिरीवर बोलले. मोघम चालत नसे. समोरच्याने हात हातात घेतला की मिटलं. लहानपणी लिडिया आणि तिचा भाऊ जोएल तोंड दाबून हसायचे, कारण एक म्हातारा दर महिन्याला त्याच कोंबडीबद्दल माफी मागायचा. ज्याचं राहिलं असेल आणि जो उठणार नाही, त्याने भाकर घ्यायची नाही, असा दंडक होता. आजवर तिने ती कधी चुकवली नव्हती.

ऑगस्टचा शेवटचा रविवार जवळ आला तसं तिने आईला, सुषमाबाईंना, फोन करून सांगितलं की चाचणी परीक्षा आहे, यायला जमणार नाही. चाचणी होती, पण सप्टेंबरच्या मध्यावर.

"बस मा चढनी का दोन तासनं गाव, आनि तू ऱ्हाई जास?" हेमांगीने विचारलं. "घरना लोकेसशी भांडण शे का?"

"भांडण नाही."

"मंग?"

लिडियाने ब्युरेट भरायला घेतलं. ते दोनदा चुकलं.

गणपती बसले त्याच दिवशी घरात संवत्सरी होती, जैनांच्या पर्युषण पर्वाचा शेवटचा दिवस. लाडकंवरबाईंचा आठ दिवसांचा उपवास होता, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फाटक उघडंच होतं. शेजारपाजारचे लोक येत होते, हात जोडून एकमेकांना "मिच्छामि दुक्कडम्" म्हणत होते. जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर क्षमा करा, एवढा त्याचा अर्थ. समोरचा तेच शब्द परत म्हणतो आणि विषय संपतो. किशनलालजींनी दुकानातल्या हमालांनाही हात जोडले, दूधवाल्यालाही जोडले.

साडेनऊच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. दर दोन पायऱ्यांनी थांबणारी. लाडकंवरबाई या दोन महिन्यांत गच्चीवर आल्या नव्हत्या, त्यांचे गुडघे गेलेले होते. दारात येऊन त्यांनी हात जोडले. चेहरा उपवासाने ओढलेला.

"मिच्छामि दुक्कडम्, बेटा."

खालच्या मजल्यावरून सकाळपासून लिडियाने पन्नास वेळा ऐकलं होतं, उत्तर काय द्यायचं तेही तिला माहीत होतं. पण तिच्या तोंडून दुसरंच निघालं.

"कशाबद्दल, काकी?"

लाडकंवरबाईंचे हात जोडलेलेच राहिले. "कशाबद्दल म्हणजे? जे काही झालं असेल ते. जाणता, अजाणता."

"आमच्यात नाव घेऊन मागतात," लिडिया म्हणाली. खोली गेली, असं तिला वाटलं.

लाडकंवरबाई आत आल्या. खाटेची कड धरून त्या सावकाश बसल्या. खालून कुणीतरी "मांजी, पाहुणे आले" अशी हाक दिली. "थांबा म्हणावं," त्या म्हणाल्या. मग चादरीकडे बघत बोलू लागल्या.

"तुझा बाप आला होता. मी सांगितलं तू कॉलेजात गेली. तू नव्हती गेली. तुझ्या चपला खाली होत्या, मी बघितल्या होत्या. गाठोडं आत येऊ नये म्हणून मी खोटं बोलले. आणि पाणी विचारलं नाही." त्यांनी खाली फाटकाच्या दिशेने हात केला. "फाटकाबाहेर चिमण्यांसाठी रोज पाणी भरून ठेवते मी. माणसाला विचारलं नाही. उपवासाचे आठही दिवस ते मानगुटीवर बसलं होतं. आज सगळ्यांना हात जोडले, तेव्हा वाटलं तुला जोडले की उतरेल. तू विचारलंस, कशाबद्दल."

लिडियाला वाटलं होतं की असं काही ऐकायला मिळालं तर आपण रडू. रडू आलं नाही. आता आपली पाळी, एवढंच तिला कळलं.

"मी इथंच होते, काकी. गच्चीवर. सगळं ऐकलं. मी खाली आले नाही."

लाडकंवरबाईंनी मान वर केली. 

"क्षमा करा," लिडिया म्हणाली.

"ती मी कशी करू? माझं मी तुझ्याकडे मागितलं, त्याच्याकडे मागायचं राहिलंय. तुझं माझ्याकडे नाही. तुझं त्याच्याकडे." मग जरा वेळाने, "मच्छीच होती ना?"

"बांबूचे कोवळे कोंब."

"बांबू?" लाडकंवरबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे देवा. तो पण आमच्यात चालत नाही."

दोघींनाही हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

"खोली सोडू का?" लिडियाने विचारलं.

"कोणी सांगितलं? नियम आहे तो आहे. बापाला म्हणावं, पुढच्या वेळी गाठोडं बाहेर, माणूस आत." त्या उठल्या. जिना उतरताना त्यांनी लिडियाचा खांदा धरला, पायथ्याशी पोचेपर्यंत सोडला नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, लिडिया सकाळच्या सुरतकडच्या गाडीने निघाली आणि नवापूरला उतरून जीपने गावाला पोचली. आबा ओट्यावर बसून जाळं विणत होते. आई नदीवर गेली होती. लिडियाने पिशवीही खाली ठेवली नाही.

"आबा, त्या गुरुवारी मी गच्चीवर होते. तुम्हाला घालवलं ते मी ऐकलं. मी खाली आले नाही."

आबांनी हातातली गाठ पूर्ण केली.

"माहीत आहे."

"कसं?"

त्यांनी तिच्या पायांकडे बोट केलं. डाव्या चपलेचा पट्टा जूनमध्ये तुटला होता, तो त्यांनीच शिवून दिला होता. जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याने.

लिडिया खाली बसली. "मग हाक का नाही मारली?"

"मारली असती, आणि तरी तू आली नसतीस, तर मी घरी काय घेऊन आलो असतो?" ते दुसरी गाठ घालू लागले. जरा वेळाने म्हणाले, "कोंब गाडीत वाटून टाकले. वास सुटला तशी डब्यात पसरून बसायला जागा झाली. दोन बाया मात्र सरकून जवळ आल्या, आपल्याच भागातल्या होत्या. आईला सांगू नकोस, तिला वाटतं तू खाल्लेस."

"सांगणार, आबा."

"सांग मग." तिचा हात हातात घेऊन त्यांनी मिटवलं नाही. लिडियाने वाट बघितली. ते जाळंच विणत राहिले. "उद्या बघू," एवढं म्हणाले.

रात्रीचं जेवण रोजच्यासारखं झालं. लिडियाने आईला सांगितलं. आई भांडी घासत होती ती घासत राहिली, आणि म्हणाली, "मडक्यात अजून आहेत. वाढू?"

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. इमॅन्युएल पाळकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तो कोंबडीवाला म्हातारा आता हयात नव्हता, त्यामुळे पहिलं कोण उठणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लिडियाने उठायला बाकाचा आधार घेतला. पण तिच्या आधी पुरुषांच्या बाजूने आबा उठले होते. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मधली वाट ओलांडून ते बायांच्या बाकांपाशी आले आणि मुलीसमोर उभे राहिले. मागे कुठलंतरी पोर खुदकन हसलं.

"मी फोनवर तुझ्याशी खोटं बोललो," ते म्हणाले. "तू कॉलेजात होतीस म्हणालो. तू खोलीवरच होतीस हे मला ठाऊक होतं."

आणि त्यांनी हात पुढे केला. लिडियाने तो दोन्ही हातांत घेतला. त्याला जाळ्याच्या दोऱ्याचे वळ होते. आता तिला तिचं म्हणायचं होतं, सगळ्यांसमोर, नाव घेऊन. आबा हात न सोडता थांबले होते. तिने सुरुवात केली.