सिल्व्हरचं यमक

शुभेच्छापत्रांच्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत दोन टेबलं होती, आणि गेली एकोणीस वर्षं तिथे दोन माणसं दुसऱ्यांच्या भावना जुळवून देत बसलेली असत. खिडकीजवळचा तो दुकानाचा मालक. बाजारात त्याला यमकशेठ म्हणत, आणि म्हणताना लोक हसत असले तरी तो ते मानाचंच समजे. भिंतीकडे तोंड करून बसायचा तो त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे तोही पन्नाशीला आलेला, जाड भिंगांच्या चष्म्याचा, मोजकं बोलणारा. मोजकं बोलणाऱ्यांचा यमकशेठला पहिल्यापासून संशय. एवढा वेळ गप्प राहून माणूस करतो तरी काय?

हल्ली गिऱ्हाइकांना इंग्रजी ओळी लागत, आणि इंग्रजी यमकं ही मोठी खोडसाळ जात. त्यासाठी यमकशेठने एक वही केली होती. डावीकडे अडेलतट्टू शब्द, मधे पक्की यमकं, उजवीकडे कामचलाऊ. पक्कं म्हणजे शेवट तंतोतंत जुळणारं. कामचलाऊ म्हणजे कानाने थोडी डोळेझाक केली तर खपून जाणारं. ही वही तो खणात ठेवी, खणाला कुलूप लावी आणि किल्ली जानव्यासारखी अंगावर वागवी. घरात पैशाच्या कपाटाचं दार सताड उघडं असे, पण वहीच्या बाबतीत तो बायकोलाही ताकास तूर लागू देत नसे.

आणि तरीही पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाच्या कार्डावर एक दिवस त्याला 'ऑरेंज'खाली 'डोअर हिंज' दिसलं. ही बिजागरी त्याची होती. तिच्यासाठी त्याने अख्खा एक रविवार घालवला होता. पंधरा दिवसांनी त्याच दुकानात 'मंथ'ला 'वन्स' जोडलेलं निघालं. तेही वहीतलंच. यमकशेठच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली ती थांबायचं नाव घेईना. खणाला कुलूप, किल्ली आपल्याकडे, खोलीत आपण दोघंच. मग वही वाचतो कोण? मेहुणा चहाला बाहेर गेला की हा घड्याळ बघू लागला. मेहुणा खोकला तर तो कुणाला तरी केलेला इशारा वाटू लागला.

अशात ब्लँकेटच्या कारखान्याचा मालक आला. कारखान्याला पंचवीस वर्षं झाली होती, कार्डावर चार इंग्रजी ओळी हव्या होत्या, आणि ओळ संपायला हवी होती 'सिल्व्हर' या शब्दावर. आता सिल्व्हर म्हणजे भल्याभल्यांची दांडी उडवणारा शब्द. वहीत त्याच्या उजवीकडे 'रिव्हर', 'डिलिव्हर', 'फिल्टर' असली कामचलाऊ मंडळी होती. मधला रकाना कोरा होता.

त्या कोऱ्या जागेकडे बघता बघता यमकशेठला सापळा सुचला. त्याने सिल्व्हरचं पहिलं अक्षर बदलून बदलून पाहिलं. बिल्व्हर, चिल्व्हर, डिल्व्हर. त्यातलं चिल्व्हर त्याला गोड वाटलं. रकान्यात त्याने ठसठशीत लिहिलं, 'चिल्व्हर: घुंगरांचा बारीक आवाज, जुना शब्द.' असा शब्द जगात नव्हता. तो त्याने जेवणाच्या सुट्टीत जन्माला घातला होता. तो ज्याच्या तोंडून बाहेर पडेल तो चोर. मग तो म्हणाला, "सिल्व्हरचं तू बघ रे या वेळी. मला काही जमत नाहीये."

"बघतो भावोजी," मेहुणा म्हणाला. पुढचे तीन दिवस तो दुपारी दोनला उठून जायचा तो पाचला परतायचा. कुठे जातोस, हे यमकशेठने मुद्दाम विचारलं नाही. चोराला मोकळं रान द्यावं लागतं, असा त्याचा हिशेब.

चौथ्या दिवशी मेहुण्याने चष्मा पुसला आणि कागद पुढे केला. चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू होतं. "सापडलं भावोजी. पक्कं."

चार ओळींत थंडीतलं एक कोकरू होतं, त्याची लोकर होती, पंचवीस वर्षांची ऊब होती. यमकशेठने त्यातलं काही वाचलं नाही. त्याची नजर तिसऱ्या ओळीच्या टोकाला गेली आणि तिथेच खिळली. चिल्व्हर.

"माझी वही कधी उघडलीस?" त्याने विचारलं.

"कुठली वही?"

"सोंग करू नकोस. हा शब्द कुठून आणलास?"

"वाचनालयातल्या मोठ्या शब्दकोशातून. चला, दाखवतो."

यमकशेठ हसला, आणि ते हसू फार वाईट होतं. "मी बनवलेला शब्द शोधायला मी वाचनालयात येऊ? तो शब्द माझ्या वहीत आहे आणि आता तुझ्या कागदावर. तिसरीकडे कुठे नाही. एकोणीस वर्षं माझ्या पाठीमागे बसून माझीच यमकं विकलीस तू."

मेहुणा उठला. मग त्याने आपला कप धुतला, पुसला, पिशवीत ठेवला आणि तो निघून गेला. बाजू मांडायलाही थांबला नाही, यातच सगळं आलं, असं यमकशेठने घरी जाऊन बायकोला सांगितलं.

बायकोने ऐकून घेतलं. "चोरलेली वस्तू मालकालाच नेऊन दाखवली त्याने? असा कसा चोर हो तुमचा?"

"तीच तर त्याची हुशारी."

"शब्दकोश बघितलात?"

"बघायचं काय त्यात?"

त्यानंतर घरात बोलणं बंद झालं. ताट वाढलेलं असे, पण समोर कुणी बसत नसे. दुकानामागच्या खोलीत भिंतीकडचं टेबल रिकामं, आणि कारखान्याच्या कार्डासाठी 'रिव्हर' घालून केलेल्या ओळी स्वतः यमकशेठलाच गिळवेनात. तेराव्या दिवशी बायको म्हणाली, "त्याला खोटं पाडायला तरी जा." हे त्याला पटलं.

वाचनालयातला शब्दकोश दोन हातांनी उचलावा लागे. यमकशेठने चष्मा चढवला, छाती पुढे काढली आणि पान उघडलं. बोट खाली खाली सरकलं आणि थांबलं. चिल्व्हर. मेंढीचं मादी कोकरू. त्याने मुखपृष्ठ बघितलं, छापल्याचं वर्ष बघितलं, पानाला नखाने खरवडूनही बघितलं. शब्द हलला नाही.

"तुम्हालाही तेच पान?" ग्रंथपालबाई म्हणाल्या. "ते जाड चष्म्याचे गृहस्थ तीन दुपारी इथे बसून होते. एकेक अक्षर पालथं घातलं त्यांनी."

"पलीकडच्या गल्लीतले दुकानवाले येतात का इथे?"

"दर आठवड्याला. सगळ्यांची धाव याच कपाटाकडे. ऑरेंजला बिजागरी तर शाळेतल्या मुलीसुद्धा शोधून काढतात."

यमकशेठ खुर्चीत बसला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तो उठला आणि दुकान न उघडता थेट मेहुण्याच्या घराकडे निघाला.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार मेहुण्यानेच उघडलं. जिन्याने धाप लागल्यामुळे वाटेत जुळवलेली वाक्यं मागेपुढे झाली. "शब्द खरा आहे. मी बघून आलो. माझं चुकलं. उद्यापासून ये."

"आत या," मेहुणा म्हणाला. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समोर बसला. "एक विचारू, भावोजी?"

"विचार ना."

"तो शब्द त्या पुस्तकात नसता, तर आज आला असतात?"

'आलो असतो,' एवढंच म्हणायचं होतं. असली वाक्यं यमकशेठने आयुष्यभर लिहून विकली होती. कधी न भेटलेल्या नातवंडांना त्याने पोटाशी धरलं होतं, कधी न पाहिलेल्या साहेबांना निवृत्तीच्या दिवशी गहिवरून निरोप दिले होते. त्याने तोंड उघडलं. मेहुणा थांबून राहिला, आणि मग त्याने रिकामा ग्लास उचलला.

"बसा," तो म्हणाला. "तुम्ही इथे आहात म्हणून ताईला कळवतो. काळजी करत असेल ती."

उद्या येणार की नाही ते त्याने सांगितलं नाही, आणि यमकशेठला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.