झुलालचा जोर

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या झुलालला लहानपणापासून फिट यायची. गोळ्या नियमित सुरू झाल्यापासून दोन वर्षांत एकही आली नव्हती, पण त्याच्या आईचा, भागाबाईचा, धसका काही जाईना. सायकल नको, जिना नको, दळणाचा डबासुद्धा उचलायचा नाही. वीजकेंद्राच्या स्टोअरमध्ये कारकुनी आणि घरी पलंग. बत्तिसाव्या वर्षी झुलाल पंच्याण्णव किलोंचा झाला.

जळगावच्या डॉक्टरांनी काटा पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"गोळी चुकवू नका, जागरण करू नका, विहिरीत एकटे उतरू नका. बाकी चाला, पळा, खेळा!"

"डाक्टरनं काय जास!" धुळ्याकडची भागाबाई बाहेर येऊन आपल्या अहिराणीत फणकारली. सांगायला डॉक्टरचं काय जातं!

दुसऱ्या दिवसापासून झुलाल फिरायला निघाला. मागे आई, हातात पाण्याचा तांब्या. तो भरभर चालला की ती ओरडे, "धीरे चाल रे, भाऊ!" तीन महिन्यांत आईचे गुडघे मोकळे झाले. झुलालचे दोन किलो उतरले.

जानेवारीत कॉलनीचे खेळ आले. स्टोअरचे पंडितनाना रस्सीखेचीसाठी वजनदार गडी शोधत होते. झुलालने आईला न सांगता नाव दिलं. भागाबाई पहिल्या रांगेत येऊन बसलीच.

समोर बॉयलरवाले, हिलालचा दांडगा संघ. शिट्टी वाजली. झुलालने जन्मात पहिल्यांदा अंगातला सगळा जोर लावला. तोंड वांग्यासारखं जांभळं झालं, दातखीळ बसल्यागत दात आवळले, मांड्या लटलटू लागल्या. हिलालचं लक्ष गेलं.

"अरे, याला फिट आली! सोडा दोर!"

बॉयलरवाल्यांनी दोर सोडला आणि अख्खं स्टोअर झुलालच्या अंगावर आडवं झालं. कुणी कांदा आणायला पळालं, कुणी चप्पल हुंगवायला धावलं.

"ती चप्पल काढा आधी!" ढिगाखालून झुलाल ओरडला. "मला काही झालं नाही! जोर लावत होतो, जोर!"

पंचांनी स्टोअरला विजयी केलं. पंडितनानांनी लगेच हात जोडून आभारही मानले.

"नाना, हे खरं जिंकणं नाही," झुलाल धूळ झटकत म्हणाला. "परत ओढू."

"गप बस ना रे!" नानांनी त्याची बाही ओढली.

सगळे भागाबाईकडे बघू लागले. तिने जवळ येऊन लेकाची हनुवटी वर केली, डोळ्यांत पाहिलं.

"हाई फिट नही शे. मी वळखस. वढू द्या त्याले."

या खेपेला हिलालने दयामाया दाखवली नाही. झुलाल बसल्या बसल्या पंधरा फूट घसरत गेला, पँट मागून फाटली, स्टोअर हरलं. नानांनी कपाळाला हात लावला. झुलाल मात्र धुळीत बसून पोट धरधरून हसत होता. हिलालने हात देऊन उठवलं, तरी त्याचं हसू थांबेना.

घरी जाताना आई झपाझप पुढे चालली होती. आता बोलणी बसणार, म्हणून झुलाल मान खाली घालून चालला होता. वळणावर ती थांबली.

"डावा पाय मांगे रोवाले पाह्यजे व्हता," ती म्हणाली.