उंच खुर्चीवरचं दुखणं

पोहण्याच्या तलावावर सगळे त्यांना मास्तर म्हणत. सकाळी ते मुलांना पोहायला शिकवायचे आणि दुपारनंतर गळ्यात शिट्टी अडकवून खोल बाजूच्या उंच खुर्चीवर जीवरक्षक म्हणून बसायचे. पन्नाशीला टेकले होते, पण पाण्यात उतरले की विशीतली पोरं मागे पडायची. आजारपण त्यांना फक्त नातेवाइकांकडून ऐकून माहीत होतं.

त्या दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या छातीत डाव्या बाजूला कुणी मूठ आवळावी तसं झालं. घाम फुटला. बोटांना मुंग्या आल्या. कितीही श्वास घेतला तरी पुरेना. त्यांनी पलीकडच्या जीवरक्षकाला, लंबूला, हात केला आणि कसेबसे शिडी उतरले. आता आपण संपलो, एवढंच डोक्यात होतं.

लंबूने सगळ्यांना पाण्याबाहेर काढून रुग्णवाहिका बोलावली. बायको शिवणाच्या दुकानातून गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून धावत आली. रुग्णालयात छातीला वायरी लावल्या, रक्त तपासलं, काही तासांनी पुन्हा तपासलं. दुसऱ्या दिवशी ट्रेडमिलवर पळवलं. सगळं ठीक निघालं.

"तुमचं हृदय उत्तम आहे. निश्चिंत मनाने घरी जा," डॉक्टर म्हणाले.

बायकोचा जीव भांड्यात पडला. मास्तरांचा पडला नाही.

"यंत्र बिघडलेलं असणार," रिक्षात बसताच ते म्हणाले.

"अहो, सगळीच?"

"बिघडायला काय लागतं!"

त्यानंतर मास्तरांचा एक हात कायम दुसऱ्या हाताच्या मनगटावर असायचा. नाडी जोरात लागली की ते घाबरायचे आणि घाबरले की नाडी आणखी पळायची. डाव्या कुशीवर झोपणं बंद झालं. जिना चढताना ते मधेच थांबून भिंतीवरचा रंग न्याहाळल्यासारखं करायचे. साधी ढेकर आली तरी चेहरा उतरायचा. पाण्यात उतरणं तर त्यांनी हळूहळू सोडलंच, मुलांना काठावरूनच शिकवू लागले. खुर्चीवर मात्र बसावंच लागायचं, आणि तिथे ती मूठ हटकून आवळली जायची.

"मन चिंती ते वैरी न चिंती," बायको म्हणायची. आधी समजुतीने, मग वैतागून.

"म्हणजे मी नाटक करतोय?"

"तसं कुठे म्हटलं मी?" पण तिलाही नेमकं काय म्हणायचं ते कळत नव्हतं.

एकदा बँकेच्या रांगेतसुद्धा तसंच झालं आणि मास्तर मटकन खाली बसले. तेव्हा बायकोने त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, बोलायला सावकाश. सगळे कागद वाचून झाल्यावर त्यांनी ते बाजूला ठेवले.

"पोहताना दुखायचं का कधी?"

मास्तर विचारात पडले. "नाही. पाण्यात असताना कधीच नाही."

"मग कुठे?"

"बहुतेक वेळा खुर्चीवर. नुसतं बघत बसलो की."

"हे सुरू होण्याआधी काही घडलं होतं का?"

"छे, काही नाही."

"अहो, ती मुलगी!" बायको म्हणाली.

"त्यात काय? वाचली ती. परत पोहायलाही येते."

"नीट सांगा बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मास्तर सांगू लागले. शिकाऊ मुलगी होती, खोल बाजूला घसरली. त्यांनी लगेच उडी मारली, तिला काठावर आणलं. श्वास नव्हता. ते तिच्या छातीवर हात ठेवून दाबत राहिले, तोंडाने हवा देत राहिले. नंतर ती खोकली, रडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हार घातला.

"पण त्याआधी..." मास्तरांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. "त्याआधी माझ्या हाताखाली ती छाती हलतच नव्हती हो. दाबेन तेवढीच हलायची. आता खुर्चीवर बसलो की पाण्यातली डोकी मोजत राहतो. एखादं पाण्याखाली गेलं की वर येईपर्यंत माझाच श्वास अडकतो."

तो हार बायकोने स्वतः कौतुकाने दारावर लावला होता. यातलं अवाक्षरही ते घरी बोलले नव्हते.

"तुमचं दुखणं शंभर टक्के खरं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त ते हृदयाचं नाही. भीतीने श्वास उथळ आणि भराभर होतो, छातीचे स्नायू आखडतात, म्हणून दुखतं. दुखलं की हृदयच गेलं असं वाटून भीती वाढते, आणि भीतीने पुन्हा दुखतं. हे चक्र तोडता येतं." त्यांनी एका समुपदेशकाचा पत्ता दिला. "आणि काही वेगळं जाणवलं, चालताना-चढताना दुखलं, तर माझ्याकडे यायला लाजू नका."

मास्तर समुपदेशकाकडे जाऊ लागले. तिथे ती दुपार पुन्हा पुन्हा सांगावी लागली. परत येताना सुरुवातीला इतके थकायचे की जेवण जात नसे. श्वास सावकाश बाहेर सोडायला शिकताना त्यांना हसू यायचं. आयुष्यभर पोरांना श्वास कसा सोडायचा ते शिकवलं आणि आता स्वतः शिकवणी लावली! मग ते थोडं थोडं पाण्यातही उतरू लागले.

एका गर्दीच्या दुपारी, तलाव पोरांनी फुललेला असताना, खुर्चीवर छाती आवळली. डोकी मोजता मोजता चुकली. त्यांनी शिट्टी वाजवून लंबूला बोलावलं आणि आजवर तलावावर कुणालाच सांगितलं नव्हतं ते सरळ सांगितलं.

"छातीत दुखतंय. नेहमीचंच आहे, भीतीचं. तू जरा इथे बस."

"बसतो. रुग्णवाहिका बोलावू?"

"नको. पण माझ्यावरही नजर ठेव."

ते काठावर पाय सोडून बसले. श्वास आत घेतला, सावकाश सोडला. मूठ सुटेना. 'या वेळी खरंच असलं तर?' हा विचार आलाच. त्यांनी तो येऊ दिला आणि परत श्वास सोडला. एका पोराने उडी मारून त्यांना पार भिजवलं. मास्तर त्याच्यावर खेकसले. खेकसण्याइतका श्वास आपल्यापाशी आहे हे त्यांच्या लक्षात आलं. हळूहळू छाती सैल होत गेली. तोंड पुसून ते उठले आणि लंबूला खाली उतरवून पुन्हा शिडी चढले.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "आज कसं होतं?"

"आलं होतं," मास्तर चप्पल काढत म्हणाले. "बराच वेळ होतं. मग गेलं."

"परत येईल?"

"येईल बहुतेक." चप्पल कोपऱ्यात सरकवून ते म्हणाले, "पण आज मी मेलो नाही, हे लक्षात ठेवायला हवं."

"मी ठेवते," ती म्हणाली. "तुम्ही हातपाय धुऊन या."